कॉर्डरॉयचं हरवलेलं बटण : खेळण्याच्या गोष्टीत जादू किती असावी, याचं एक प्रकरण

खेळण्यात जीव येतो, ते मुलाशी बोलू लागतं, मुलाची अडचण सोडवतं आणि दोघं मित्र होतात. लहान मुलांच्या चित्रपुस्तकासाठी लिहिलेल्या नव्या संहितांमध्ये हा आराखडा इतक्या वेळा भेटतो की तिसऱ्या पानावरच शेवट दिसू लागतो. यात खेळण्याचा काही दोष नाही. लेखकाच्या हाती एकदा जादू लागली की तो सगळी कामं तिच्याकडूनच उरकून घेतो, आणि मग मैत्रीला करण्यासारखं काही उरतच नाही, ही खरी अडचण.

डॉन फ्रीमन यांनी ‘कॉर्डरॉय’मध्ये नेमकं उलट केलं. १९६८ साली न्यूयॉर्कच्या व्हायकिंग प्रेसने काढलेलं हे बत्तीस पानी चित्रपुस्तक पन्नासहून अधिक वर्षं मुलांच्या हातात आहे. त्यातलं खेळणं जिवंत आहे, चालतं, बोलतं, स्वप्नं बघतं. पण गोष्टीतलं महत्त्वाचं एकही काम त्याच्या जादूने होत नाही.

गोष्ट

मोठ्या शहरातलं एक बहुमजली दुकान. खेळण्यांच्या विभागात इतर प्राणी आणि बाहुल्यांबरोबर एक छोटं अस्वल फळीवर बसलेलं. अंगात हिरव्या कॉर्डरॉयची, म्हणजे उभ्या रेघांच्या जाड कापडाची डंगरी, म्हणून नाव कॉर्डरॉय. रोज गर्दी होते, लोक काय काय घेऊन जातात, या अस्वलाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

एके सकाळी एक लहान मुलगी त्याच्यासमोर थांबते. तिला तो हवा असतो. आई म्हणते, आज नको, आधीच खूप खर्च झालाय. शिवाय हा नवा वाटत नाही, खांद्याच्या पट्ट्याचं एक बटण गेलंय बघ. मायलेकी निघून जातात. आपलं बटण हरवलंय हे अस्वलाला या क्षणापर्यंत माहीतच नसतं.

रात्री दुकान बंद झाल्यावर ते फळीवरून उतरतं आणि बटण शोधू लागतं. चुकून सरक्या जिन्यावर पाय पडतो आणि वरच्या मजल्यावर, फर्निचरच्या विभागात पोचतं. टेबलं, दिवे, सोफे, पलंगांच्या रांगा. एका गादीवर त्याला बटण दिसतं. गादीची बटणं दोऱ्याने घट्ट आवळलेली असतात. दोन्ही पंजांनी ओढता ओढता ते तुटतं, अस्वल मागे कोलमडतं, एका उंच दिव्यावर आदळतं आणि दिवा धाडकन खाली. रखवालदार टॉर्च घेऊन धावत येतो. कुणीतरी इथं लपलंय अशी त्याची खात्री पटलेली. पांघरुणातून डोकावणारे दोन कान त्याला दिसतात. तो अस्वलाला काखोटीला मारतो आणि खाली नेऊन पुन्हा फळीवर ठेवतो.

सकाळी पहिल्या गिऱ्हाइकांबरोबर तीच मुलगी येते. तिचं नाव लिसा. काल रात्री तिने आपला गल्ला मोजलाय, आणि आईने परवानगी दिलीय. विक्रेती खोक्यात घालून देऊ का विचारते. लिसा नको म्हणते आणि अस्वलाला हातात धरूनच घरी नेते. चार जिने पळत चढून आपल्या खोलीत. तिथे एक खुर्ची, एक कपाट, खिडकीशी पलंग, आणि पलंगाशेजारी अस्वलाच्या मापाचा छोटा पलंग. ती त्याला मांडीवर घेऊन पट्ट्याला बटण शिवते. तू आहेस तसाच मला आवडतोस, पण पट्टा नीट लागला तर तुला बरं वाटेल, असं काहीसं म्हणते. मग दोघांची मिठी.

एकाच रात्री दोन घटना

गोष्टीचा सांधा मला त्या रात्रीत दिसतो. दुकानात अस्वल बटण शोधतंय. त्याच रात्री शहरात दुसरीकडे कुठेतरी एक मुलगी गल्ला मोजतेय. पहिल्या घटनेला फ्रीमन पुस्तकाचा मोठा भाग देतात. सरकता जिना, पलंगांच्या रांगा, पडणारा दिवा, टॉर्चचा झोत, सगळं दिसतं. दुसरी घटना आपण बघतच नाही. ती सकाळी लिसाच्या तोंडून एका वाक्यात कळते आणि पुस्तक पुढे जातं.

पण गोष्ट सुटते ती या न दिसलेल्या घटनेमुळे. अस्वलाची सगळी धडपड फुकट गेलीय. त्याचं हरवलेलं बटण मिळालेलं नाही आणि रखवालदाराने त्याला होतं तिथेच आणून ठेवलंय. सकाळी ते फळीवर बसलंय ते काल होतं तसंच, एक बटण कमी. लिसा त्याला घेते ती याच अवस्थेत. ते दुरुस्त होऊन आलं म्हणून ती परतलेली नाही. ते रात्री कुठे भटकून आलं, याचा तिला पत्ताही नाही.

कच्च्या लेखकाला इथे मोह आवरला नसता. अस्वलाला बटण सापडलं असतं, नीटनेटकं होऊन ते फळीवर बसलं असतं आणि मग मुलीला आवडलं असतं. अशी गोष्ट सरळ जाते, मुलंही ऐकतात. पण ती मुलांना सांगते काय? आधी स्वतःतली कमतरता भरून काढ, मग तुला कुणीतरी घरी नेईल. फ्रीमनच्या गोष्टीत अस्वलाचा समजही नेमका हाच आहे, आणि गोष्ट तो समज बोलून न दाखवता पाडते. शिवाय हा समज आला कुठून? आईच्या एका सहज बोलण्यातून. तोवर बटणावाचून अस्वलाचं काही अडलेलं नव्हतं. मोठी माणसं दुकानात, लग्नात, नातेवाइकांत मुलांच्या डोक्यावरून जे बोलतात ते मुलांच्या कानात कसं जाऊन बसतं, यावर इतक्या कमी शब्दांत लिहिलेलं दुसरं पान मला पटकन आठवत नाही.

आईला खलनायिका केलेलं नाही, हेही बघण्यासारखं. तिचं म्हणणं साध्या हिशेबाचं आहे. तीच नंतर परवानगीही देते. गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही. रखवालदारसुद्धा अस्वलाला नीट उचलून जागेवर ठेवतो.

जादूला घातलेली वेसण

गोष्टीत जादू आणायची तर तिचे नियम आधी ठरवावे लागतात, आणि मुलांना ते न सांगता कळावे लागतात. इथले नियम कडक आहेत. अस्वल चालतं ते दुकान बंद झाल्यावर, कुणी बघत नसताना. रखवालदाराचा उजेड अंगावर पडला की ते पुन्हा नुसतं खेळणं. त्याची ताकद त्याच्या आकाराइतकीच; गादीचं बटण उपटतानाही त्याचा तोल जातो. जगाविषयीचं त्याचं ज्ञान शून्य आहे. आणि फळीवरचे बाकीचे प्राणी, बाहुल्या यांपैकी कुणी त्याच्याशी बोलत नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात धीट वाटते. रात्री सगळी खेळणी जागी होऊन धमाल करतात ही कल्पना किती सोपी होती! पण मग अस्वलाला दुकानातच मित्र मिळाले असते आणि लिसाची गरज उरली नसती.

थोडक्यात, जादूच्या वाट्याला इथे एकच काम आहे : अस्वलाला काहीतरी हवंय हे दाखवणं. ते मिळवून देणं तिच्याकडे नाही.

फ्रीमन या माणसाचा पूर्वेतिहास इथे उपयोगी पडतो. १९०८ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोला जन्मलेले फ्रीमन न्यूयॉर्कला आले ते चित्रकला शिकायला, आणि पोट भरत होते नाचगाण्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून. भुयारी रेल्वेत एकदा ते ट्रम्पेट हरवलं, आणि पुढे पूर्णवेळ चित्रांवर गुजराण सुरू झाली. ब्रॉडवेची नाटकं, पडद्यामागची धांदल, रस्त्यावरची माणसं यांची रेखाटनं ते वर्तमानपत्रांना देत. म्हणजे प्रेक्षक निघून गेल्यावर रंगमंच कसा दिसतो हे त्यांना वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने ठाऊक होतं. कॉर्डरॉयची रात्र तशीच आहे. दिवसभराचा खेळ संपलाय, नेपथ्य जागेवर उभं आहे, आणि त्यात एकच पात्र वाट चुकून हिंडतंय. दारं बंद झाल्यावर दुकानात भटकणाऱ्या कुणाची तरी गोष्ट करायची आणि दुकानातला थाट नि सामान्य माणसाचं साधं जगणं यांतलं अंतर दाखवायचं, असं आपल्या मनात होतं, हे फ्रीमन यांनीच पुढे सांगितलं आहे.

ते अंतर चित्रांत दोन जिन्यांमुळे पक्कं होतं. दुकानातला जिना आपोआप वर नेतो. लिसाच्या घरचे चार जिने पायांनी चढावे लागतात.

पाच वेळा तेच वाक्य

लहान मुलांच्या पुस्तकात पुनरावृत्ती हवीच, हे सगळे सांगतात. ती कशासाठी हवी, हे फारसं कुणी सांगत नाही. कॉर्डरॉय प्रत्येक नव्या ठिकाणी एकाच घडणीचं वाक्य बोलतो : हे अमुक असणार, मला नेहमीच अमुक हवं होतं. सरकता जिना त्याला डोंगर वाटतो, आणि डोंगर चढायचं तर त्याच्या कधीचं मनात होतं. फर्निचरचा मजला म्हणजे राजवाडा. राजवाड्यात राहायचीही त्याला आवड होतीच. मग पलंग. तीनही वेळा कुठे ना कुठे गफलत आहे. डोंगर तो डोंगर नाही, राजवाडा तो राजवाडा नाही, पलंग खरा असला तरी तो विकायला ठेवलेला आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे कळतं आणि ते अस्वलापेक्षा शहाणं ठरून खदखदून हसतं.

चौथ्यांदा तेच वाक्य येतं ते लिसाच्या खोलीत, घराबद्दल. पाचव्यांदा येतं लिसाबद्दल : तू मैत्रीण असणार. वाक्य बदललेलं नाही. या वेळी ते खरं आहे, इतकंच. ऐकणारं मूल सवयीने हसायला तोंड उघडतं आणि हसायचं कारणच उरलेलं नसतं. मोठ्याने वाचून दाखवताना ही जागा जपावी. चौथ्या वाक्याला आवाज मुद्दाम हळवा केला तर सगळं बिघडतं. पहिल्या तीन वेळी वाचलं त्याच उत्साहात वाचावं.

मूळ इंग्रजीत डोंगराच्या आणि राजवाड्याच्या वेळी अस्वलाच्या बोलण्यात ‘वाटतं’चा सूर आहे, घराच्या वेळी मात्र ते ठामपणे सांगतं. हा फरक इतका बारीक आहे की मराठी करणाऱ्याच्या हातून सहज निसटेल.

पैशाने घेतलेला मित्र

या पुस्तकावर घेता येईल असा सगळ्यात गंभीर आक्षेप हा, की मित्र विकत घेतलाय. दुकान, किंमत, गल्ला, विक्रेती, सगळा व्यवहार उघड आहे. मैत्री पैशाने मिळत नाही असं मुलांना शिकवणाऱ्या घरात हे पुस्तक कसं वाचायचं?

मला हा आक्षेप झटकून टाकावासा वाटत नाही. पण फ्रीमन व्यवहार लपवत नाहीत, हे त्यांच्या बाजूने जातं. परी येत नाही, वाढदिवस येत नाही, श्रीमंत मामा येत नाही. पैसे मुलीने साठवलेले आहेत आणि ते या अस्वलावर खर्च करायचं तिने रात्री बसून ठरवलंय. आदल्या दिवशी त्याच्यात खोट काढलेली तिने ऐकलीय, तरी दुसरं नवंकोरं अस्वल ती मागत नाही. आणि खोक्याचं काय? विक्रेतीच्या लेखी तो अजून माल आहे, म्हणून ती खोकं विचारते. लिसाने नको म्हणताच तो माल राहत नाही. असली गोष्ट भाषणाने सांगायला गेलं तर एक पान लागेल आणि मुलं जांभया देतील. इथे ती एका प्रश्नात आणि एका नकारात उरकते.

शेवटचं काम म्हणजे शिवणं. लिसा बटण स्वतः शिवते, आईकडून करून घेत नाही. ते बटण तिने कुठून आणलं, हे मजकूर सांगत नाही. बटणासाठी अस्वल रात्रभर झटलं, आणि लेखकाला मात्र ते कुठून आलं याची पर्वा नाही! मला ही बेपर्वाई आवडते.

चित्रात आहे, शब्दांत नाही

लिसा आणि तिची आई कृष्णवर्णीय आहेत. हे फक्त चित्रांत दिसतं. मजकुरात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. आज हे सहज वाटेल. १९६८ साली ते सहज नव्हतं. तीन वर्षं आधी, सप्टेंबर १९६५ मध्ये, नॅन्सी लॅरिक यांनी ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ या साप्ताहिकात अमेरिकी बालपुस्तकांचा हिशेब मांडला होता. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ पुस्तकांपैकी फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं. लेखाची सुरुवात न्यूयॉर्कच्या बालवाडीतल्या एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नाने होते : पुस्तकांत नेहमी गोरीच मुलं का असतात?

आणि गोष्ट घडते कुठे, तर बहुमजली दुकानात. १ फेब्रुवारी १९६० रोजी उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले होते. त्याच दुकानाने त्यांना वस्तू विकल्या होत्या, पैसे घेतले होते, पण बसून खायला द्यायला नकार दिला. अशा ठिकाणचा वर्णभेद कायद्याने बंद झाला तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्याच वर्षीच्या या पुस्तकात एक कृष्णवर्णीय मुलगी स्वतःच्या पैशांनी दुकानात येते आणि विक्रेती तिला अदबीने विचारते की खोक्यात घालून देऊ का.

काहींना फ्रीमन यांनी यावर शब्दांत काहीच म्हटलं नाही ही पळवाट वाटू शकते. मला तसं वाटत नाही. चित्रपुस्तकात चित्रं मजकुराला सजवत नसतात, ती मजकुराइतकंच सांगत असतात. लिसाचा रंग हा तिच्या ‘समस्येचा’ विषय न करता तिला गोष्टीतली हवी असलेली, निवडणारी, ठरवणारी व्यक्ती करणं, हे त्या काळी पुरेसं बोलकं होतं. आपल्याकडच्या चित्रकारांनीही हे तपासून बघावं. गोष्टीत नाव-गाव-जात काहीच सांगितलेलं नसताना आपल्या चित्रातलं घर कोणतं निघतं, भिंतीवर काय टांगलेलं असतं, मुलीचा रंग कोणता येतो? तिथे निवड होतेच, आपण ती केली असं आपल्याला वाटत नाही एवढंच.

लिसाला ऐकू येतं का?

पुस्तकाची एक जागा फ्रीमन उघडी ठेवतात. दुकानात अस्वलाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. शेवटच्या पानांवर मात्र ते मैत्रिणीविषयी बोलतं आणि लिसा त्यावर ‘मलाही’ अशा अर्थाचं उत्तर देते. मग तिने ऐकलं? की मुलं खेळण्याशी बोलतात तसं ती बोलली, आणि जुळून आलं?

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, मूल ज्या चिंधीला किंवा मऊ खेळण्याला कवटाळून झोपतं त्याविषयी एक नाजूक अट सांगितली होती. ही वस्तू तू मनाने निर्माण केलीस की ती तुला बाहेर सापडली, हा प्रश्न मोठ्यांनी मुलाला विचारायचाच नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असण्याची मुभा मुलाला हवी असते. आपल्याकडे बाहुला-बाहुलीचं लग्न लावणाऱ्या मुलींना तरी असं कोण विचारत होतं? वऱ्हाड जेवायचं आणि घरी जायचं. फ्रीमन तीच मुभा वाचकाला देतात. वाचताना मुलाने हा प्रश्न विचारलाच, तर उत्तर देण्याची घाई करू नये; तुला काय वाटतं, एवढं पुरे.

जादू जास्त वापरली असती तर काय झालं असतं, हे बघायला एक जुनं पुस्तक आहे : मार्जरी विल्यम्स यांचं १९२२ सालचं ‘द वेल्व्हेटीन रॅबिट’. तिथे मुलाला स्कार्लेट फीवर हा संसर्गजन्य ताप येतो, डॉक्टर त्याची खेळणी जाळायला सांगतात, आणि त्याच्या लाडक्या मखमली सशाला परी खराखुरा ससा करून रानात सोडते. पुढे मुलगा त्याला बघतो, पण ओळखत नाही. ससा जगतो, मैत्री जाते. ते पुस्तक सुंदर आहे, पण मोठ्यांना ते जितकं रडवतं तितकं चार वर्षांच्या मुलाला समजत असेल का, याची मला शंका आहे. तिथली जादू खेळण्याला मुलापासून दूर नेते. इथे अस्वल शेवटपर्यंत कापडाचंच राहतं, म्हणून लिसाजवळ राहू शकतं.

फ्रीमन यांनी दुसरी गोष्ट दहा वर्षांनी लिहिली, ‘अ पॉकेट फॉर कॉर्डरॉय’. ती १९७८ साली निघाली, त्यांच्या निधनाच्या वर्षी. जागा दुकानाऐवजी सार्वजनिक धुलाईघर, आणि शोध बटणाऐवजी खिशाचा. तिथेही अस्वलाला स्वतःहून काही मिळत नाही. ते हरवतं, रात्रभर तिथेच अडकतं, आणि दुसऱ्या दिवशी लिसा परत येऊन त्याला शोधते. घरी गेल्यावर ती खिसा शिवते आणि नावाची चिठ्ठी लिहून आत ठेवते. म्हणजे पुढच्या वेळी हरवलं, तर कुणाचीही जादू न लागता ते ओळखता यावं.